अलिबागला पहिल्यांदा जाताय? धक्का, मिनीडोअर आणि ओहोटी, सगळं क्रमाने

माझ्या बहिणीला चौलला दिलीये, त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि मी डोंबिवलीचा. म्हणजे अलिबागला जायचे जेवढे म्हणून रस्ते आहेत ते सगळे मी करून बघितलेत. बोटीने गेलोय, एसटीने गेलोय, दिवा-रोह्याने गेलोय, मित्राच्या गाडीत डिकीजवळ कोंबून घेऊन गेलोय, एकदा तर हौस म्हणून उरणवरून करंजाला जाऊन तरीने (खाडी ओलांडणाऱ्या होडीने) रेवसला उतरलोय. आणि जेवढे घोळ घालता येतात तेवढे घालूनही झालेत. दर डिसेंबरात ऑफिसमधलं कोणीतरी विचारतंच, अरे तुझी बहीण तिकडे असते ना, कसं जायचं सांग की, आणि मी पाऊण तास फोनवर तेच तेच सांगत बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं. हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, नेहमीच्या लोकांना यातलं बरंच माहीत असेल.

पायरी १: आधी ठरवा, कुठल्या अलिबागला जाताय

हसू नका, सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्यालय असलेलं छोटंसं शहर, पण तालुक्याचं नावही अलिबागच, आणि हॉटेलवाले, बंगलेवाले, बुकिंगवाले सगळे सरसकट "अलिबाग" लिहून मोकळे होतात. माझ्या एका मित्राने "अलिबाग बीच रिसॉर्ट" म्हणून बुक केलं ते निघालं काशीदला. काशीद तर अलिबाग तालुक्यातही नाही, मुरूड तालुक्यात आहे, शहरापासून साधारण ३० किलोमीटर. बिचारा रात्री साडेआठला बायको-पोरांना घेऊन अलिबाग स्टँडवर उभा राहून मला फोन करत होता.

तर नकाशा डोक्यात असा ठेवा. शहर मध्ये. शहराच्या उत्तरेला, म्हणजे मुंबईच्या बाजूला, वरसोली, थळ, किहीम, आवास, सासवणे आणि टोकाला मांडवा (शहरापासून २० किलोमीटरच्या आसपास). दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, आणि रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई, काशीद, मुरूड.

बुकिंग करायच्या आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: गावाचं नाव काय, आणि अलिबाग एसटी स्टँडपासून किती किलोमीटर. "बीचपासून पाच मिनिटं" हे उत्तर चालवून घेऊ नका, कुठला बीच आणि पाच मिनिटं चालत की गाडीने ते विचारा.

माझं मत विचाराल तर, गाडी नसेल आणि समुद्रातला कुलाबा किल्ला बघायचाच असेल तर शहरात किंवा वरसोलीला राहा. पोरांना पाण्यात खेळायचंय, बनाना राइड वगैरे करायचीय तर नागाव, पण शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते हे धरून चाला. शांतता पाहिजे तर किहीम नाहीतर आवास. किहीमला झाडी अजून बरी आहे, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो तिथेच.

पायरी २: कसं जायचं

एकदा गाव ठरलं की रस्ता निम्मा ठरल्यासारखाच आहे. उत्तरेच्या गावांना बोट, दक्षिणेच्या गावांना बोट किंवा एसटी, काशीद-मुरूडला शक्यतो गाडी.

*गेटवेवरून बोट.* मुंबईतून जाणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात सुखाचा प्रवास. सीएसएमटी किंवा चर्चगेटवरून बस नाहीतर टॅक्सी करून गेट वे ऑफ इंडिया गाठायचं, तिथे पीएनपी, मालदार, अजंता अशा कंपन्यांच्या खिडक्या आहेत, मांडव्याचं तिकीट काढायचं आणि तपासणी होऊन मागच्या धक्क्यावर जायचं. साधारण तासाभरात मांडवा. वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे मागतात, थंडीत द्या, कारण तेव्हा सीगल पक्षी बोटीच्या मागे मागे उडत येतात आणि पोरं वेडी होतात. (वेफर्स खायला घालू नका त्यांना, सगळे घालतात म्हणून सांगतो.) एप्रिल-मेमध्ये मात्र वर बसलात तर मांडव्याला पोचेपर्यंत पापड.

या तिकिटाची खरी गंमत म्हणजे मांडवा ते अलिबाग बसचे पैसे त्यातच असतात. म्हणजे तिकीट फेकू नका. मी पहिल्याच वेळी बोटीतून उतरताना समोर कचऱ्याचा डबा दिसला आणि शहाण्या नागरिकासारखं तिकीट त्यात टाकलं. पुढे बसच्या दारात कंडक्टर म्हणाला तिकीट दाखवा. झालं, रिक्षा.

आणि दुसरं म्हणजे, पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. मेअखेर-जूनपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत हा रस्ता विसरायचा. दर वर्षी जुलैत कोणी ना कोणी छत्री घेऊन गेटवेला जाऊन परत येतंच.

*रो-रो.* ही मोठी बोट, हिच्यात तुमची कार, बाईक, सायकल सगळं जातं. मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊन लागलं, त्यामुळे सुरुवातीला कोणाला कळलीच नाही, आता मात्र सुट्टीच्या दिवशी गाडीचं बुकिंग आधी केलं नसेल तर आशा सोडा. गाडी नसली तरी नुसतं माणूस म्हणूनही जाता येतं. पावसाळ्यातही हवामान बरं असेल तर चालते, वादळी वारा असेल तर फेरी रद्द होते, सकाळी निघायच्या आधी बघून घ्यायचं.

इथला सापळा ठळक अक्षरात लिहितो: रो-रो गेटवेवरून सुटत नाही, माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मी रो-रोचं तिकीट काढून ऐटीत गेटवेला गेलो होतो. तिथून टॅक्सी करून भाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्यात बरीच आत गेली होती आणि बहिणीसाठी घेतलेला मावा केक माझ्या हातात होता. लोकलने येणाऱ्यांनी हार्बरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरायचं. गाडी नेत असाल तर सुटायच्या वेळेच्या बरंच आधी पोचा, गाड्या एकामागे एक लावून घेतात, शेवटच्या पाच मिनिटांत कोणी तुमच्यासाठी दार उघडं ठेवत नाही.

भाऊच्या धक्क्यावरूनच रेवसला जुनी लाँचही जाते. स्वस्त, सावकाश, गावची माणसं, टोपल्या, कोंबड्या, गप्पा. तब्येतीत जायचं असेल तर एकदा जरूर करा, रेवसला उतरून एसटीने अलिबाग.

आणि उरणची ती तर, म्हणजे होडी. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे नवी मुंबईवाल्यांना उरणला उतरून रिक्षाने करंजा, तिथून तरीने रेवस आणि पुढे एसटी असं जाता येतं. करंजा-रेवस पुलाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय असं बहिणीच्या सासूबाई म्हणतात. आपण आपली तर पकडावी.

*एसटी आणि रेल्वे.* अलिबागला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण. दिवा-रोहा गाडी पेणला थांबते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या, चुकली की चुकली, आणि कोकणात जाणाऱ्या बऱ्याच लांबच्या गाड्या पेणला न थांबता धडाधड निघून जातात, तेव्हा "कोकण रेल्वेची कुठलीही गाडी चालेल" असं समजून बसू नका. पेण स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून अलिबाग साधारण ३० किलोमीटर.

त्यापेक्षा सरळ पनवेल स्टँडवर जा, अलिबागच्या गाड्या सतत असतात. मुंबई सेंट्रल, ठाणे, पुण्याहूनही थेट गाड्या आहेत. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, ७५ च्या पुढे फुकट, पण वयाचा पुरावा जवळ पाहिजे. माझी आई आधार कार्ड घरी विसरली आणि कंडक्टरशी पेणपर्यंत वाद घालत राहिली, पैसे द्यावेच लागले.

*स्वतःची गाडी.* मुंबईहून पनवेल, पळस्पे फाटा, पेण, वडखळ, मग उजवीकडे वळून धरमतरचा पूल, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पुण्याहून एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरून पेण, पुढे तेच, साधारण १४५ किलोमीटर. अटल सेतू झाल्यापासून दक्षिण मुंबईवाले शिवडीहून चढून चिर्ल्याला उतरतात आणि पुढे गोवा हायवे पकडतात, वेळ खरंच वाचतो, पण त्यावर बाईक आणि रिक्षा चालत नाहीत, बाईकवाल्यांनी नकाशातला निळा रस्ता बघून तिकडे वळू नये.

सेतू घ्या नाहीतर विमान घ्या, वडखळ कोणाला चुकत नाही. शनिवारी सकाळी आठ ते अकरा पेण-वडखळ-पोयनाड पट्ट्यात सगळं मुंबई-पुणं एका रांगेत उभं असतं. एकतर पहाटे पाचला घर सोडा नाहीतर शुक्रवारी रात्री जेवून निघा. मधली वेळ नको.

पायरी ३: बरोबर काय घ्यायचं

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, प्रत्येकाचं. हॉटेलवाले सगळ्यांचं मागतात, नवराबायकोपैकी एकाचं असून चालत नाही
- भाड्याने बाईक घेणार असाल तर लायसन, अनामत म्हणून थोडी रोकड
- बोटीचं तिकीट (वर सांगितलं, फेकू नका)
- सुट्टे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं, पण मिनीडोअरमध्ये (इथली शेअर रिक्षासारखी गाडी, पायरी ४ बघा) दहा माणसं दाटीवाटीने बसलेली असताना तुमचं नेटवर्क गोल गोल फिरत राहतं तेव्हा मागचे लोक बघतात
- मागे पट्टा असलेल्या सॅंडल. साध्या चपला किल्ल्याच्या वाटेवर चिखलात राहतात
- मोबाईलला प्लास्टिकची पिशवी, टोपी, पाण्याची बाटली
- एक कालनिर्णय, किंवा मोबाईलवर तिथी बघायची सोय. कशाला ते पायरी ५ मध्ये

पायरी ४: तिथे पोचल्यावर फिरायचं कसं

मुंबईसारखं अ‍ॅपवर टॅक्सी मागवू असा विचार असेल तर तो गेटवेलाच सोडून या. इथलं खरं वाहन म्हणजे मिनीडोअर. सहा आसनी म्हणतात, मोजायला जाऊ नका. ठरलेल्या रस्त्याने जातात, हात केला की थांबतात, माणसं भरली की सुटतात. रेवदंड्याच्या रस्त्यावरच्या मिनीडोअर आक्षी, नागाव, चौल करत जातात, चोंढीच्या बाजूला जाणाऱ्या वेगळ्या. किहीमला जायचं तर चोंढी नाक्यावर उतरून पुढे रिक्षा.

बसायच्या आधी विचारायचं "सीटचे किती?" हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसतं "नागावला किती?" विचारलंत आणि हातात ट्रॉली बॅग असेल तर समोरच्याला वाटतं अख्खी गाडी पाहिजे, आणि भाव अख्ख्या गाडीचा येतो. यात फसवणूक वगैरे नाही, तुम्ही विचारलंच तसं. "शेअर, सीटचे किती" म्हणा.

अंधार पडला की मिनीडोअर कमी होतात, आणि आतल्या गावांना तर मिळतच नाहीत. रात्री उशिरा पोचणार असाल तर जिथे राहताय त्यांनाच फोन करून रिक्षा सांगून ठेवा, प्रत्येक घरमालकाचा एक रिक्षावाला ठरलेला असतो.

बाईक-स्कूटर भाड्याने मिळते. घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा, आधीचा ओरखडा नंतर आपल्या नावावर नको. नागाव-चौलचा रस्ता सुपारीच्या वाड्यांमधून जातो, फार सुंदर आहे पण अरुंद, समोरून एसटी आली की तुम्हीच बाजूला व्हायचं असतं.

पायरी ५: तिथी बघा, पाऊणपट करा, मग किल्ल्यावर जा

आता मुख्य गोष्ट. कुलाबा किल्ला (मुंबईचं कुलाबा वेगळं, नकाशात शोधताना "अलिबाग" शब्द घालाच) समुद्रात आहे, किनाऱ्यावरून समोर दिसतो, शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडीने. लोक काय करतात, अकराला नाश्ता करून किनाऱ्यावर येतात आणि समोर पाणी बघून म्हणतात "अरे, बंद आहे वाटतं".

भावोजींनी मला पहिल्याच वर्षी हिशेब शिकवला, कोकणात पोरासोरांना माहीत असतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी आहे? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊला पाणी सगळ्यात मागे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या आतबाहेर, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच, पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून मोबाईलवर भरती-ओहोटीची वेळ ताडून बघाच, पण सुट्टी कुठल्या शनिवारी टाकायची ते ठरवायला हा हिशेब सोन्यासारखा आहे.

अजून एक बारकावा. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतर दोन-तीन दिवस उधाण असतं, म्हणजे पाणी वर खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, ओहोटीलाही वाटेवर पाणी राहू शकतं. म्हणून चालत जायला माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस तृतीया ते पंचमी, सकाळची वेळ, ऊन कमी, वाट कोरडी.

निघायचं पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी, आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात परत किनाऱ्यावर. आतल्या लोकांनी "निघा आता" म्हटलं की निघायचं, "पाच मिनिटं, एक फोटो" नाही. मी भाच्याला घेऊन गेलो होतो, आत सिद्धिविनायकाचं सुंदर देऊळ आहे, समुद्रात असून गोड्या पाण्याची विहीर आहे, उत्तरेला चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्या तोफेवर बसून भाचा काही उतरायला तयार होईना. बाहेर आलो तर वाट गायब. गुडघाभर पाणी म्हणता म्हणता कमरेला लागलं, भाचा खांद्यावर, माझा मोबाईल मागच्या खिशात. शेवटी घोडागाडीवाल्याने उचलून घेतलं आणि त्या वेळी तो जे मागेल ते कमीच होतं. मोबाईल गेला तो गेलाच, बहीण दोन दिवस बोलली नाही ते वेगळं.

पायाखाली शेवाळ असतं आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात, धारदार, अनवाणी जाऊ नका. किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. घोडागाडी केलीत तर जाऊन-येऊनचा भाव आधी पक्का करा, आणि आत किती वेळ थांबणार तेही.

किल्ला झाला की गावातच कान्होजींची समाधी आहे, १७२९ मध्ये ते गेले, रिक्षाने पाच मिनिटांचं काम, पण बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर तिथल्या चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती कुलाब्याहून इथे आणली. आत जाता येत नाही, येताजाता पाटी तेवढी दिसते. आणि हो, गावात कोणाला "मी काय अलिबागहून आलोय का" हा विनोद करून दाखवू नका. या वाक्यावर बंदी घाला म्हणून एकजण हायकोर्टात गेला होता २०१९ मध्ये. कोर्टाने याचिका फेटाळली, पण चहावाल्याने काही ती फेटाळलेली नाही.

पायरी ६: पाण्यात उतरताना

अलिबाग शहराचा किनारा पोहायचा नाही, काळी घट्ट वाळू, संध्याकाळी भेळ खात सूर्यास्त बघायचा. पाण्यात उतरायचं तर नागाव, वरसोली, काशीद. काशीदची वाळू पांढरी आणि फोटोत झकास, पण तिथलं पाणी ओढ घेतं, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका, खरंच सांगतो. खाडीच्या मुखाजवळ, म्हणजे रेवदंड्याच्या बाजूला वगैरे, अजिबात नको. दारू पिऊन तर कुठेच नको.

वॉटर स्पोर्ट्सवाले "कॉम्बो" विकतात, पाच राइडचं एकदम. त्यातल्या दोन राइड एक-एक मिनिटाच्या असतात. पोरांना जी पाहिजे तीच सुटी घ्या, भाव करा, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. पावसाळ्यात हे सगळं बंद.

गाडी वाळूत नेऊ नका. दर सुट्टीला एक तरी मोठी जीप किनाऱ्यावर रुतते, मालक फोनवर फोन करत असतो, मागून भरती येत असते आणि अख्खं गाव ट्रॅक्टर येईपर्यंत मजा बघत उभं असतं.

पायरी ७: जेवणाचं

शनिवार-रविवारी खानावळीत दोननंतर गेलात तर चांगले मासे संपलेले असतात आणि "सुरमई नाही, बांगडा आहे" हे ऐकावं लागतं. साडेबाराला जाऊन बसा. घरगुती ठिकाणी राहत असाल तर जेवणाचं सकाळी चहाच्या वेळीच सांगा, सगळं विचारून मग बाजारातून आणतात. तांदळाची भाकरी सांगा, चपाती घरी रोजच आहे. शाकाहारी लोकांची नागाव-चौल-रेवदंड्याकडे जास्त चंगळ, वालाचं बिरडं, सोलकढी, आधी सांगितलं तर उकडीचे मोदक.

जिताडा मिळाला तर सोडू नका. खाडीतला मासा, महाग, पण इकडच्या माणसाला पापलेटपेक्षा त्याचं कौतुक जास्त. थाळीचा भाव बसायच्या आधी विचारा, माशाच्या आकारावर तो बदलतो आणि पाटीवर नुसतं "बाजारभावाप्रमाणे" लिहिलेलं असतं.

थंडीत गेलात तर पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, बटाटे मडक्यात भरतात, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती पाचोळा-गवऱ्या पेटवतात. पाणी नाही, तेल नाही. हे हॉटेलात मागवण्यापेक्षा कोणाच्या वाडीत, शेकोटीभोवती बसून, हात भाजत खाण्यात मजा आहे, तुमच्या घरमालकाला दोन दिवस आधी विचारा, बरेचजण करून देतात.

पायरी ८: एक जादा दिवस असेल तर

सकाळी लवकर कनकेश्वर, मापगावहून चढायचं, सातशेच्या आसपास पायऱ्या, ऊन चढायच्या आत वर पोचा. मांडव्याकडे जाताना सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, आत त्यांची शिल्पं, अंगणातली म्हैस खरी समजून माझी भाची घाबरली होती. दक्षिणेला गेलात तर कोर्लईचा किल्ला, आणि त्याच गावात काही घरांमध्ये अजून पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली बोलतात. जंजिरा मुरूडच्या पुढे राजपुरीहून, शिडाच्या होडीने, पण अलिबागहून एका दिवसात करायचा तर सकाळी सातला निघा, नाहीतर सगळा दिवस रस्त्यात जातो.

पायरी ९: परत येताना

रविवारी संध्याकाळी चार ते आठ निघू नका. शक्य असेल तर सकाळीच निघा, नाहीतर रविवारची रात्र राहून सोमवारी पहाटेची एसटी. बोटीने यायचं तर शेवटची बोट किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा, ऋतूप्रमाणे बदलते, आणि अलिबागहून मांडव्याला पोचायला तासभर हातात ठेवा कारण रविवारी तोही रस्ता तुंबतो. रो-रोचं परतीचं बुकिंग जातानाच्या बुकिंगबरोबरच करून टाका.

फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान असाल तर कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. गोडसर असतो, कच्चाच खायचा, जीआय मानांकनही आहे. त्यातही सापळा आहेच, बाहेरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकला जातो. पातीसकट वेणीसारखी विणलेली माळ बघून, एक कांदा फोडून चव बघून घ्या, शेतकरी बाई स्वतःहून फोडून देते. आणि घरी आल्यावर माळ पिशवीत कोंबून ठेवू नका, गॅलरीत वारा लागेल अशी टांगा, नाहीतर आठ दिवसांत खालचे कांदे सडतात.